जमिनीची नाडीपरीक्षा

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणाचे महत्त्व, शिस्त, अभ्यासाच्या सवयी अशा विषयांवर थोरामोठ्यांची भाषणे आपण ऐकत आला आहात. आज एक भूगोलाचा शिक्षक या नात्याने मी आपणांसमोर थोडा निराळा विषय मांडणार आहे. आपण ज्या जमिनीवर या क्षणी बसला आहात, ती जमीन या क्षणीही थरथरत आहे. घाबरून उठू नका. ही थरथर भूकंपाची नव्हे. ती रात्रंदिवस, बाराही महिने चालू असते आणि इतकी सूक्ष्म असते की, जमिनीचे पुढेमागे होणे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरते. माणसाला ती जाणवत नाही. यंत्राला मात्र जाणवते. शास्त्रात हिला सूक्ष्मकंपने म्हणतात. हकीम किंवा वैद्य मनगटावर तीन बोटे ठेवून अंगातील हालहवाल ओळखू पाहतो, त्याप्रमाणे या सूक्ष्मकंपनांवरून जमिनीच्या पोटात काय आहे आणि उद्या भूकंप झालाच तर ही जमीन कशी वागेल, याचा अंदाज शास्त्रज्ञ घेतात. या नाडीपरीक्षेची हकिगत मी सांगणार आहे.

सोलापुरात बसून हे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच भागाच्या इतिहासात आहे. दख्खनचे पठार म्हणजे काळ्या पाषाणाचा अभंग चबुतरा, येथे भूकंपाचे काय काम, असे आपले वाडवडील समजत होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरला भूकंप झाला आणि या समजुतीला पहिला जबर धक्का बसला. तरीही पुष्कळांनी मनाची समजूत घातली की, ते धरणाजवळचे प्रकरण, आपल्याकडे काही नाही. पुढे ३० सप्टेंबर १९९३ उजाडला. गणेशविसर्जनाची रात्र संपत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर या परिसराखालची जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात दरवर्षी एवढ्या ताकदीचे कितीतरी भूकंप होतात आणि त्यांची बातमीही आपल्यापर्यंत येत नाही. येथे मात्र आठ ते दहा हजार माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवावी लागली. किल्लारी आपल्यापासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर आहे. त्या पहाटे सोलापूरची माणसेही अंथरुणातून उठून अंगणात आली होती. येथील पन्नाशीच्या पुढच्या कोणालाही विचारा, त्या पहाटेची आठवण त्यांच्यापाशी असेल.

त्या वेळी वापरात असलेल्या भारताच्या भूकंप नकाशात किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात दाखविलेला होता. २००२ साली मानक बदलले, पहिला विभाग नकाशातून काढून टाकण्यात आला आणि लातूर व सोलापूर हे दोन्ही जिल्हे तिसऱ्या विभागात आले. तेव्हा ‘आपल्याकडे भूकंप होत नाही’ हे वाक्य निदान शिकल्यासवरल्या माणसाने तरी पुन्हा उच्चारू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भूकंपात कोणाचे घर पडते आणि कोणाचे टिकते? तीन गोष्टींवर हे ठरते. पहिली गोष्ट भूकंपाची ताकद आणि अंतर; ती आपल्या हाती नाही. दुसरी गोष्ट घराची बांधणी. किल्लारी परिसरात दोन-अडीच फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचे जडशीळ माळवद, अशी घरे होती. उन्हाळ्यात थंड, पण हादऱ्यात भिंतीचे दगड सुटे झाले आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसांवर आली. तिथला संहार मुख्यतः या बांधणीमुळे झाला. तिसरी गोष्ट म्हणजे घराखालची जमीन. या तिसऱ्या गोष्टीची चर्चा आपल्याकडे फारच कमी होते. म्हणून आज तिच्याविषयी अधिक बोलतो.

विद्यार्थी मित्रहो, घरी एक प्रयोग करा. एका थाळीत एका बाजूला विटेचा तुकडा ठेवा आणि दुसऱ्या बाजूला घट्ट झालेल्या फिरनीची वडी ठेवा. थाळी हलकेच पुढेमागे हलवा. वीट थाळीबरोबर जाईल, थाळीबरोबर येईल. तिचे स्वतःचे असे काही चालणार नाही. फिरनी मात्र डुलू लागेल. तिचा वरचा भाग थाळीपेक्षा जास्त हलेल आणि हात थांबला तरी ती क्षणभर डुलतच राहील. आता थाळी कधी सावकाश, कधी भराभर हलवून पाहा. एका ठरावीक गतीला फिरनी सर्वांत जास्त डुलते असे दिसेल. ती गती तिची स्वतःची, म्हणजे तिची नैसर्गिक वारंवारता होय. हाताची गती आणि तिची गती जुळली म्हणजे डोलणे वाढत जाते. यालाच अनुनाद म्हणतात. झोक्यावरच्या मुलाला योग्य वेळी हलका धक्का देत गेले की झोका उंच जातो, त्यातही हेच तत्त्व आहे.

कठीण पाषाण म्हणजे ती वीट. त्यावर साठलेली मऊ माती, नदीचा गाळ किंवा माणसाने टाकलेला भराव म्हणजे फिरनी. खालून पाषाणातून आलेला भूकंपाचा हादरा मऊ थरात शिरला की वाढतो आणि त्या थराच्या स्वतःच्या गतीला तर फारच वाढतो. त्या थरावर उभे असलेले घरही स्वतःच्या गतीने डोलणारे असते. ढोबळ हिशेब असा की, साध्या एकमजली घराला एक हेलकावा पुरा करायला सेकंदाचा सुमारे दहावा हिस्सा लागतो, पाचमजली इमारतीला सुमारे अर्धा सेकंद, दहामजलीला सुमारे एक सेकंद. जमिनीची गती आणि घराची गती एक झाली, तर त्या घराची खरी कसोटी लागते.

हे केवळ पुस्तकी बोलणे नव्हे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. तेथून मेक्सिको शहर साडेतीनशे किलोमीटरहून दूर आहे. वास्तविक एवढ्या अंतरावर हादरा मंदावलेला असावा आणि शहराच्या टेकडीवरच्या भागात तो तसा मंदावलेला होताही. परंतु या शहराचा मध्यभाग एका जुन्या सरोवराच्या तळावर वसलेला आहे. त्या तळाची चिकणमाती इतकी मऊ आहे की, एक हेलकावा पुरा करायला तिला सुमारे दोन सेकंद लागतात. आलेल्या लाटांत नेमक्या त्या गतीची कंपने होती. माती डुलू लागली, पुष्कळ वेळ डुलत राहिली आणि तिच्या तालाला जवळ असणाऱ्या, साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींचे सर्वाधिक नुकसान झाले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्याच शहरात मऊ मातीवरची काही बैठी घरे आणि काही फार उंच इमारती मात्र उभ्या राहिल्या.

आपल्या देशातही २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये होते. तेथून सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अनेक बहुमजली इमारती पडल्या आणि शेकडो माणसे दगावली. तळमजला वाहनांसाठी मोकळा ठेवलेली सदोष रचना हे त्याचे एक कारण. साबरमतीच्या जाड गाळावर ते शहर वसलेले आहे हे दुसरे. घर आणि जमीन या दोघांचे गणित एकत्रच मांडावे लागते, एवढे यावरून ध्यानात यावे.

मग आपल्या पायाखाली वीट आहे की फिरनी, हे भूकंपाची वाट न पाहता कसे कळावे? खोल बोअर घेऊन थराथराची तपासणी करणे हा खात्रीचा मार्ग आहे, पण तो खर्चिक. सगळे शहर असे भोके पाडून तपासणे कोणत्याही नगरपालिकेला परवडणार नाही. येथे ती अखंड चालणारी थरथर कामी येते.

ही थरथर येते कोठून, ते पाहू. तिचे दोन उगम आहेत. संथ कंपने, म्हणजे एका हेलकाव्याला काही सेकंद घेणारी, ती मुख्यतः समुद्राची देणगी आहे. समुद्राच्या लाटा एकमेकींवर आणि किनाऱ्यावर आदळतात, त्यांचे ठोके जमिनीत उतरतात आणि शेकडो किलोमीटर आत येतात. या विषयात आपल्या महाराष्ट्राचा मान मोठा आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे संचालक असलेले शास्त्रज्ञ सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी भूकंपमापकावर उमटणाऱ्या या सूक्ष्म लाटांचा मोसमी पावसाशी आणि समुद्रातील वादळांशी असलेला संबंध तपासला व १९३० साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. भूकंप नसतानाही यंत्राची रेघ का थरथरते, हा प्रश्न त्यांनी कुलाब्याला बसून सोडवायला घेतला होता. पुढे ते भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले.

जलद कंपने, म्हणजे एका सेकंदात एकाहून अधिक वेळा होणारी, ती प्रामुख्याने माणसाची करणी आहे. रेल्वे, मालमोटारी, कारखाने, पाण्याचे पंप, बाजारातील वर्दळ आणि आपल्या सोलापुरात रात्रंदिवस चालणारे यंत्रमाग. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा जगभरच्या भूकंपमापकांवर ही माणसाची थरथर एकदम मंदावलेली दिसली. काही ठिकाणी ती निम्म्यावर आली. शहर झोपले की जमीनही शांत होते, ही म्हण म्हणून नव्हे तर आकड्यांत सिद्ध झालेली गोष्ट आहे.

जपानमध्ये भूकंप नित्याचे असल्यामुळे या सूक्ष्मकंपनांचा अभ्यास तेथे आधी वाढला. कियोशी कानाई या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास असे दाखविण्याचा प्रयत्न केला की, वरच्या मातीचा स्वभाव या कंपनांत उतरतो. पण एक अडचण होती. यंत्रावर जी रेघ उमटते तिच्यात जमिनीचा वाटा किती आणि शेजारून गेलेल्या मालमोटारीचा वाटा किती, हे वेगळे कसे करायचे?

यावर जी तोड निघाली ती आपल्या किराणा दुकानदाराला सहज समजेल. तेल मोजताना दुकानदार आधी रिकाम्या डब्याचा धडा करतो. डब्याचे वजन दोन्ही पारड्यांत सारखे झाले की मग उरते ते निव्वळ तेलाचे वजन. जमिनीच्या बाबतीत धडा कशाचा करायचा? यंत्र एकाच वेळी तीन दिशांची कंपने नोंदविते: उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि खाली-वर. मऊ थर आडव्या हालचालीला पुष्कळ वाढवितो, पण त्याच गतीच्या खाली-वर हालचालीला फारसा वाढवीत नाही. तेव्हा आडव्या कंपनाला उभ्या कंपनाने भागले की, दोहोंत समान असलेला रस्त्याचा, वाऱ्याचा, यंत्रांचा वाटा बराचसा निघून जातो आणि मातीचा स्वतःचा सूर उरतो. ही कल्पना जपानमध्ये नोगोशी आणि इगाराशी यांनी १९७१ साली मांडली होती. जपानी रेल्वेच्या संशोधन संस्थेतील युताका नाकामुरा यांनी १९८९ साली ती प्रसिद्धीस आणली आणि तेव्हापासून ती नाकामुरा पद्धती या नावाने जगभर रूढ झाली. भागाकार का जमतो, यावर विद्वानांत अजूनही वाद आहेत. भागाकारातून निघणारी गती मात्र बहुतेक ठिकाणी भूकंपाच्या प्रत्यक्ष नोंदींशी जुळते, असा अनुभव आहे.

प्रत्यक्ष काम असे चालते. बादलीएवढे किंवा त्याहून लहान असे यंत्र कठीण, सपाट जागी समपातळीत ठेवतात आणि उत्तर दिशेला जुळवतात. सामान्यतः वीस-तीस मिनिटे नोंद घेतात. जवळून कोणी चालू नये, वारा जोराचा नसावा, झाड किंवा खांब अगदी शेजारी नसावा. मग संगणक त्या नोंदीचे लहान लहान तुकडे पाडतो, गडबडीचे तुकडे बाजूला काढतो आणि उरलेल्यांतून कोणत्या वारंवारतेचा किती वाटा आहे ते काढतो. प्रत्येक वारंवारतेला आडवे भागिले उभे असे गुणोत्तर काढले की एक आलेख मिळतो. ज्या जागी आलेखात शिखर उभे राहते, ती त्या जमिनीची नैसर्गिक वारंवारता समजायची. जमीन थेट पाषाणाची असेल तर शिखर उभेच राहत नाही. आलेख सपाट येतो. १९९७ साली जबलपूरला भूकंप झाल्यानंतर त्या शहराचे जे सूक्ष्म विभागीकरण झाले, त्यात ही पद्धत वापरण्यात आली. दिल्लीतही ती वापरलेली आहे.

आता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घ्यावी. मऊ थराची जाडी चौपट करा. त्या थरातून आडव्या कंपनाची लाट दर सेकंदाला जितके मीटर जाते, त्या आकड्याला या चौपटीने भागा. उत्तर म्हणजे त्या थराची दर सेकंदाची कंपने. मेक्सिको शहराच्या सरोवर भागात सुमारे ४० मीटर चिकणमाती असलेल्या ठिकाणी लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ८० मीटर होता. चौपट जाडी १६० मीटर. ८० भागिले १६० म्हणजे अर्धे. म्हणजे दोन सेकंदांना एक हेलकावा. मघाशी सांगितलेले दोन सेकंद ते हेच.

हाच हिशेब आपल्याकडच्या परिस्थितीला लावून पाहू. विहीर खणणाऱ्या जाणत्या माणसाला विचारा. तो सांगेल की आधी काळी माती लागते, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक आणि शेवटी काळा पाषाण. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, त्यात काळ्या पाषाणाचे थर सुमारे ३३८ मीटरपर्यंत लागले. म्हणजे आपल्या भागात खाली भक्कम वीट आहे आणि वर कोठे कमी, कोठे जास्त फिरनी आहे. समजा, एखाद्या जागी मऊ मातीचा थर फक्त ४ मीटरचा आहे आणि लाटेचा वेग सेकंदाला १६० मीटर आहे. चौपट जाडी १६. १६० भागिले १६ म्हणजे दर सेकंदाला दहा कंपने. आणि एकमजली घराची गती आपण काय म्हटली होती? सेकंदाचा दहावा हिस्सा, म्हणजे दर सेकंदाला दहाच! दुसऱ्या एखाद्या जागी, नदीकाठी, गाळ २० मीटर आणि वेग २०० मीटर धरला तर अडीच कंपने येतात. ती चारमजली इमारतीच्या गतीला जाऊन मिळतात. हे आकडे हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, कोणत्याही पेठेचे मोजमाप नव्हे. परंतु यातून एक गोष्ट कळावी. भूकंपाची भीती फक्त उंच इमारतींना असते आणि आपले बैठे घर सुरक्षित, असा पुष्कळांचा समज आहे. पातळ मातीवर उभे असलेले बैठे घरसुद्धा जमिनीच्या तालात सापडू शकते.

या नाडीपरीक्षेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाहीतर अर्धवट ज्ञानाने नुकसान व्हायचे. पहिली मर्यादा: भूकंप कधी होणार हे ही पद्धत सांगत नाही. तसे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दुसरी: आलेखातील शिखर कोठे आहे त्यावर भरवसा ठेवता येतो, शिखर किती उंच आहे यावरून हादरा तितक्या पटीने वाढेल असे मात्र म्हणता येत नाही. तिसरी: मोठ्या हादऱ्यात माती सैल पडते आणि तिची गती मंदावते, शांत वेळी मोजलेला सूर तेव्हा खाली सरकतो. चौथी मर्यादा खास आपल्या गावासाठी. मिनिटाला दीडशे फेऱ्या मारणारा माग सेकंदाला अडीच ठोके देतो. जवळ माग चालू असेल तर आलेखात नेमके अडीचच्या जागी टोकदार शिखर दिसेल आणि अनाडी माणूस म्हणेल, येथे २० मीटर गाळ आहे! जाणकार मात्र तिन्ही दिशांच्या नोंदी पाहतो. यंत्राचे शिखर सुईसारखे अणकुचीदार असते आणि उभ्या कंपनातही दिसते. शंका आली तर मागांना सुट्टी असेल त्या दिवशी तो पुन्हा मोजतो. थर माहीत करून घेण्यासाठी जवळच्या एखाद्या विहिरीचा किंवा बोअरचा आधारही घेतो. नुसत्या नाडीवर औषध देत नाहीत, इतर तपासण्याही कराव्या लागतात, तसेच हे आहे.

आता पालकांना दोन शब्द. आपली मिळकत मोठी नसते. आयुष्यभराची पुंजी घालून आपण घर बांधतो, मुलाचे लग्न ठरले की वर एक मजला चढवितो, धंदा वाढला की आणखी एक. जुन्या पायावर नवा मजला चढविताना गवंडी एवढेच पाहतो की भिंत वजन पेलेल का. भिंतीखाली काय आहे, हे कोणी विचारीत नाही. जागा पूर्वी नाल्याची होती का, जुनी खाण बुजवून भराव टाकलेला आहे का, काळी माती किती हात खोल आहे, हे शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारले तरी अर्धे काम होते. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे भिंतींना दरवर्षी तडे जातात. तो तडा गिलावा करून झाकला म्हणजे भिंत सांधली जात नाही. मजला वाढविण्यापूर्वी चाचणी खड्डा खणून पाहावा. लहान का होईना, पण अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि त्याला दोन प्रश्न विचारावेत: माझ्या घराखाली माती किती खोल आहे, आणि माझे घर त्या मातीवर कोणत्या तालाने हलेल? जोते, लिंटेल आणि छत या तीन पातळ्यांवर लोखंडी सळयांचा काँक्रीट पट्टा घराभोवती अखंड फिरवून घ्यावा. दगडी भिंतीत दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार लांब दगड घालावेत. किल्लारीने हजारो जीव देऊन शिकविलेला हा धडा आहे. तो आपण फुकट घेत आहोत, निदान विसरू तरी नये. आपण वर्गणी देऊन शाळेच्या नव्या खोल्या बांधतो, तेव्हा तर ही चौकशी आधी झाली पाहिजे. त्या छताखाली एका वेळी शेकडो मुले बसतात.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एक काम सुचवितो. त्याला पैसा लागत नाही. बेगम पेठ असो, विजापूर वेस असो की नवी वसाहत, आपापल्या भागात जिथे जिथे विहीर किंवा बोअर आहे तिथे जा. अदबीने सलाम किंवा नमस्कार करून विचारा की किती फुटांवर मुरूम लागला आणि किती फुटांवर पाषाण. वहीत नोंद करा. कोठे पाया खणत असतील तर मुकादमाची परवानगी घेऊन, लांब उभे राहून मातीचे थर पाहा. अशा शे-दोनशे नोंदी झाल्या की सोलापूरच्या नकाशावर भरून टाका. मातीची जाडी दाखविणारा असा नकाशा उद्या येथे यंत्र घेऊन येणाऱ्या शास्त्रज्ञाला फार उपयोगी पडेल. हल्लीच्या मोबाईलमध्येही कंपन मोजणारा एक लहान भाग असतो. शांत जमिनीची नाडी पकडण्याइतका तो तल्लख नाही; पण चालू मागाशेजारच्या फरशीवर ठेवला तर मागाचे ठोके तो दाखवील. एवढ्यावरून वारंवारता म्हणजे काय, हे कोणत्याही पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

आणि ज्यांना गणित-विज्ञानाची आवड आहे, त्यांनी डॉक्टर आणि इंजिनिअर या दोनच शब्दांत अडकून पडू नये. भूभौतिकशास्त्र नावाची एक मोठी विद्या आहे. तिची राष्ट्रीय संस्था हैदराबादेत, आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वे प्रवासावर आहे. रूडकीला भूकंप अभियांत्रिकीचे शिक्षण मिळते. ही दारे आपल्या मुलांना आणि तितकीच आपल्या मुलींनाही उघडी आहेत. शिक्षक आणि पालक या नात्याने आपण त्यांना त्या दारापर्यंत नेऊन सोडले पाहिजे.

नाडी पाहणारा रोग्याला घाबरवीत नाही; पथ्य काय पाळायचे ते सांगतो. जमीन आपल्याशी रात्रंदिवस बोलत आहे, आणि तिचे बोलणे ऐकण्याची विद्या आता माणसाच्या हाती आली आहे. भूकंप आपल्या इच्छेने येत नाही आणि आपल्या इच्छेने टळत नाही. परंतु कोणत्या मातीवर, कशा भिंती, किती मजले, हे ठरविण्याची अक्कल आणि मुभा आपल्याला आहे. ती वेळेवर वापरू या.